तयार गाडी पाठवायची की चीनमध्येच बनवायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पोर्शेने २०२१ मध्ये चीनमध्ये ९५,६७१ गाड्या विकल्या होत्या, २०२४ मध्ये तो आकडा ५६,८८७ वर आला. मग कंपनी तिथेच कारखाना टाकून आयात शुल्क का वाचवत नाही? विचारणाऱ्यांकडे टाटा मोटर्सचे जुने शेअर आहेत, म्हणून त्यांनी पुढे विचारलंय की टाटांच्या जेएलआरने, म्हणजे जॅग्वार लँड रोव्हरने, तर चीनमध्ये कारखाना टाकलाच होता, तरी २०१८-१९ मध्ये एवढा मोठा तोटा कसा झाला?

आधी मी कुठून बोलतोय ते सांगतो. वीस-बावीस वर्षं मी गाडीच्या दारांची रबरं, म्हणजे सील, बनवणाऱ्या कंपन्यांत लोकलायझेशनचं, म्हणजे बाहेरून येणारा भाग स्थानिक पातळीवर बनवायचं, काम करतोय. सुरुवात चाकणला झाली. नंतर सहा वर्षं चीनच्या जिआंग्सू प्रांतात होतो आणि कामानिमित्त ईशान्येला शेनयांग, छांगछुनकडे सतत जाणं-येणं असायचं. कंपन्यांच्या संचालक मंडळात काय ठरतं ते मी पाहिलेलं नाही. ते ठरल्यावर व्हेंडरच्या, म्हणजे सुटे भाग पुरवणाऱ्याच्या, दारात काय येऊन पडतं, ते मात्र रोज पाहिलंय.

माझ्या मते ‘शुल्क वाचेल का’ हा खरा प्रश्नच नाही. एका मॉडेलच्या वर्षाला किती गाड्या, त्या किती वर्षं खपणार, आणि त्या गाडीबद्दलचे निर्णय कोणत्या शहरात घेतले जाणार, हे तीन प्रश्न आहेत. पण शुल्काचा हिशोब आधी उरकून टाकू, कारण सगळ्यांचं घोडं तिथेच अडतं.

समजा दोन लिटर इंजिनाची गाडी चीनच्या बंदरावर तीन लाख युआनला उतरली. तिच्यावर १५ टक्के आयात शुल्क लागतं, म्हणजे झाले ३ लाख ४५ हजार. मग इंजिनाच्या आकारानुसार उपभोग कर. या इंजिनाला तो ५ टक्के आहे आणि तो कर धरून होणाऱ्या किमतीवर मोजतात, म्हणजे साधारण ३ लाख ६३ हजार. त्यावर १३ टक्के व्हॅट. बेरीज ४ लाख १० हजारांच्या आसपास जाते. हीच गाडी तिथे बनली आणि तिलाही तीन लाखच लागले, तर शुल्क वगळून बाकीचे कर भरून ती साधारण ३ लाख ५७ हजारांना पडते. फरक त्रेपन्न हजारांचा. आता महत्त्वाची गोष्ट बघा. उपभोग कर आणि व्हॅट दोन्ही गाड्यांना आहेत. चार लिटरच्या वरच्या इंजिनाला उपभोग कर ४० टक्के आहे, आणि गाडी श्टुटगार्टहून आली काय किंवा बीजिंगमध्ये बनली काय, तो सुटत नाही. ‘चीनमध्ये आयात गाडी दुप्पट महाग पडते’ असं जे सर्रास म्हटलं जातं, त्यातला मोठा वाटा या कराचा असतो. कारखाना टाकून तो वाचत नाही.

म्हणजे वाचणार ते फक्त १५ टक्के, आणि तेही तिथे बनवण्याचा खर्च युरोपपेक्षा वाढला नाही तरच.

इथे पुण्याची तुलना नेहमी येते. मर्सिडीज १९९५ पासून पुण्यात गाड्या जुळवते, आता चाकणला. २०२४ मध्ये त्यांनी भारतात १९,५६५ गाड्या विकल्या आणि त्यात व्यवसाय नीट चालतो. तर चीनसारख्या प्रचंड बाजारात कारखाना का परवडू नये, असं वाटणं साहजिक आहे. पण आपल्याकडे महागड्या तयार गाडीवरचं शुल्क वर्षानुवर्षं शंभर टक्क्यांच्या घरात राहिलं, आणि सुट्या भागांच्या संचावर त्याच्या कितीतरी कमी. ही दरी एवढी रुंद आहे की वर्षाला दोन-चार हजार गाड्या नुसत्या जुळवल्या तरी खर्च निघतो. चीनने जुलै २०१८ मध्ये गाड्यांवरचं शुल्क २५ वरून १५ टक्के केलं आणि सुट्या भागांवरचं ६ टक्के. आपल्यासारखा संच नेऊन जुळवायचा म्हटलं, तर मधे उरतात नऊ टक्के. त्यात पेंट शॉपचंही भागत नाही. पोर्शेने स्वतः २०२२ मध्ये मलेशियात कुलीमला कायेन जुळवायला सुरुवात केली, युरोपबाहेरची त्यांची पहिली जुळणी ती. इवल्याशा मलेशियात जुळणी आहे आणि चीनमध्ये नाही, हे ऐकायला उलटं वाटतं, पण हिशोब सरळ आहे. जिथे करांची दरी मोठी आणि बाजार लहान, तिथे संच जुळवणं परवडतं. चीनमध्ये बनवायचं तर मुळापासून बनवावं लागतं, पत्रा तिथलाच दाबून, आणि त्याला संख्या लागते.

संख्या का लागते, ते माझ्या धंद्यातून दाखवतो. चीनमध्ये या वर्गातली गाडी बनवायची तर ती लांब करावी लागते. मागच्या सीटवर पाय पसरायला जागा हवी, हे तिथल्या ग्राहकाचं पहिलं मागणं. सुझौच्या एका शोरूममध्ये मी एक अख्खी दुपार मुद्दाम बसून काढली होती. एक कुटुंब आलं. मुलाने स्टिअरिंगला हात लावायच्या आधी आई-वडिलांना मागे बसवलं, वडिलांचे गुडघे आणि पुढची सीट यांच्यात किती जागा उरते ते हाताने मापून पाहिलं, मग दार लावून आतून बाहेरचा आवाज कितपत येतो ते त्यांना विचारलं. इंजिनाबद्दल पहिला प्रश्न वीस मिनिटांनी आला. म्हणून ऑडीने ए६ लांब केली, मर्सिडीजने ई-क्लास लांब केली, बीएमडब्ल्यूने ५ सिरीज लांब केली. जॅग्वारनेही २०१६ मध्ये एक्सएफएल काढली, तिचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, मूळ गाडीपेक्षा १४० मिलिमीटर जास्त.

हे १४० मिलिमीटर कागदावर एक रेघ असते. कारखान्यात मात्र मागचं दार नवं, त्याच्या आतल्या-बाहेरच्या पत्र्याच्या डाय (पत्रा दाबायचे साचे) नव्या, काच नवी, छत नवं, वायरिंग हार्नेस नवा, आणि आमचं रबरही नवं. दाराच्या सीलचे कोपरे साच्यात घालून जोडावे लागतात, आणि दाराचा कोन दोन अंशांनी बदलला तर जुना साचा भंगारात. त्यातून ईशान्येत हिवाळ्यात पारा उणे पंचवीसच्या खाली जातो. तेव्हा रबर ताठरतं, दार लागताना ठणका बसतो आणि लगेच ग्राहकाची तक्रार येते. म्हणजे चाचण्याही नव्या. आता केवळ समजण्यापुरता हिशोब करू. एका दाराच्या सगळ्या टूलिंगला, म्हणजे डाय आणि साच्यांना, साठ लाख युआन लागले. मॉडेल पाच वर्षं चाललं आणि वर्षाला ४० हजार गाड्या गेल्या, तर एका गाडीवर ३० युआन पडतात. वर्षाला चार हजारच गेल्या तर ३००. हे झालं एका दाराचं. असे शेकडो भाग असतात. पंधरा टक्के कुठे विरघळून गेले ते कळतही नाही.

म्हणून माझा ठोकताळा असा: एका मॉडेलच्या वर्षाला चाळीस-पन्नास हजार गाड्या किमान पाच वर्षं खपतील अशी खात्री असेल, तरच तिथे बनवा. हा आकडा काही दगडावरची रेघ नाही. हाताशी असलेल्या जुन्या लाइनवरच दुसरं मॉडेल घालता आलं तर वीस हजारांतही भागतं. प्रांतिक सरकारने जमीन, कर्ज, करसवलत किती दिली, त्यावरही बरंच अवलंबून असतं.

ज्यांनी ही संख्या गाठली त्यांचं भलं झालं. ऑडीने १९८८ मध्येच छांगछुनला परवाना देऊन ऑडी १०० बनवायला दिली. तेव्हा आयात शुल्क शंभर टक्क्यांच्याही पुढे होतं आणि खरेदीदार मुख्यतः सरकारी खाती. बीएमडब्ल्यू २००३ मध्ये शेनयांगला गेली, बीजिंग बेंझची भागीदारी २००५ ची. या तिघांनी तिथे केवळ जुळणी केली नाही, आपल्या मागे व्हेंडरही नेले. आमच्यासारख्या कंपन्या चीनमध्ये गेल्या त्या त्यांच्यामुळे. भागीदारीत नफा अर्धा वाटून द्यावा लागे. तो किती होता याचा अंदाज एका व्यवहारावरून येतो: शेनयांगच्या कंपनीतला आपला हिस्सा ५० वरून ७५ टक्के करायला बीएमडब्ल्यूने ३६० कोटी युरो मोजले. व्यवहार २०१८ मध्ये जाहीर झाला आणि परदेशी मालकीवरची मर्यादा उठल्यावर २०२२ मध्ये पुरा झाला. चौथ्या हिश्श्यासाठी कोणी एवढे पैसे उगाच देत नाही.

आता जेएलआर. त्यांचा जिआंग्सूमधल्या चांगशूचा कारखाना ऑक्टोबर २०१४ मध्ये सुरू झाला. भागीदार चेरी ही चिनी कंपनी, गुंतवणूक १०९० कोटी युआन, पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला १,३०,००० गाड्या. त्या वेळी शुल्क २५ टक्के होतं, मागणी भरात होती, त्यामुळे निर्णय चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. अडचणी दोन झाल्या. पहिली, ती क्षमता इव्होक, डिस्कव्हरी स्पोर्ट, एक्सएफएल, एक्सईएल, ई-पेस अशा अनेक मॉडेलांत वाटली गेली. एकेका मॉडेलच्या वाट्याला आलेली संख्या ऑडी ए६एलच्या जवळपासही नव्हती. दुसरी अडचण हिशोबात दिसत नाही. चीनमध्ये बनलेल्या गाडीच्या मागे, डिकीच्या पत्र्यावर, चिनी अक्षरांत बनवणाऱ्या कंपनीचं नाव लावावं लागतं. मर्सिडीजवर ‘बीजिंग बेंझ’ असतं, लँड रोव्हरवर भागीदारीचं नाव, आणि त्याची सुरुवातच ‘चेरी’ने. चेरीची तेव्हाची ओळख क्यूक्यूसारख्या स्वस्त छोट्या गाडीची. ग्राहक सेल्समनला पहिलं विचारतो, ‘गुओछान की जिनखौ?’, म्हणजे देशी की आयात? तीच अक्षरं उपटून काढून, डिंकाचे डाग पुसून गाडी फिरवणारे मालक मी पाहिलेत. आयात रेंज रोव्हर आणि डिफेंडरला हा त्रास नव्हता.

मग आलं २०१८. शुल्क कमी होणार हे मे महिन्यात जाहीर झालं आणि आयात गाड्या घ्यायला निघालेले ग्राहक जुलैपर्यंत थांबले. पाठोपाठ चीनचा एकूण बाजारच वीस-पंचवीस वर्षांत पहिल्यांदा आकसला. जेएलआरची तिथली विक्री एका आर्थिक वर्षात सुमारे एक तृतीयांशाने घसरली. शोरूमच्या आवारात साठा तुंबला, सवलती वाढल्या, आणि सवलत एकदा दिली की जुन्या गाडीचा भावही पडतो. ऑक्टोबर ते डिसेंबर २०१८ या तिमाहीत टाटा मोटर्सने २६,९६१ कोटी रुपयांचा तोटा दाखवला. त्यातला फार मोठा भाग जेएलआरच्या मालमत्तेचं मूल्य ३१० कोटी पौंडांनी कमी केल्याचा होता. पण हे सगळं चांगशूच्या डोक्यावर मारू नका. त्याच काळात युरोपात डिझेलची मागणी कोसळत होती आणि ब्रेक्झिटची टांगती तलवार होतीच. ज्या २५ टक्क्यांसाठी कारखाना उभा केला, त्यातले दहा टक्के एका अधिसूचनेने गेले, एवढं मात्र त्या कारखान्याचं खरं दुखणं.

असे आणखीही झाले. सित्रोएनच्या घरातल्या डीएसने शेंझेनला वर्षाला दोन लाख गाड्यांच्या क्षमतेचा कारखाना उभारला आणि शेवटी तो विकावा लागला. होंडाच्या अक्युराने २०१६ मध्ये ग्वांगझौच्या भागीदाराबरोबर तिथे गाडी बनवायला घेतली आणि २०२२ मध्ये गाशा गुंडाळला. याच्या उलट टोयोटाची लेक्सस. चीनमध्ये एकही कारखाना नसताना ती वर्षाला दीड लाखाहून जास्त गाड्या विकत आली. जपानच्या क्युशू बेटावरून शांघायला जहाज चटकन पोचतं, मागणीपेक्षा माल थोडा कमीच पाठवायचा आणि भाव टिकवायचा, ही त्यांची रीत.

इथपर्यंतचं उत्तर पाच वर्षांपूर्वी विचारलं असतं तरी हेच दिलं असतं. पण आता पाया हलला आहे, आणि पोर्शेचं उत्तर त्याच्याशी बांधलेलं आहे. २०२४ मध्ये बीएमडब्ल्यू समूहाची चीनमधली विक्री सुमारे ८ लाख २५ हजारांवरून ७ लाख १५ हजारांवर आली, मर्सिडीजची ७ लाख ३७ हजारांवरून ६ लाख ८४ हजारांवर, ऑडीची ७ लाख २९ हजारांवरून साडेसहा लाखांवर. तिघांचेही तिथे भक्कम कारखाने आहेत. कारखाना हा इलाज असता तर यांची विक्री पडली नसती.

जुलै २०२४ मध्ये चीनमध्ये विकल्या गेलेल्या गाड्यांत विजेवरच्या आणि प्लग-इन गाड्या पहिल्यांदाच निम्म्याहून जास्त झाल्या. ऐटो एम९ ही देशी गाडी पावणेपाच लाख युआनच्या आसपास सुरू होते आणि तिच्यापुढे जर्मन गाड्यांचे ग्राहक रांग लावून उभे राहिले. शाओमीची विजेवरची एसयू७ मार्च २०२४ मध्ये २,१५,९०० युआनपासून आली. पोर्शेची विजेवरची टायकन घ्यायचा विचार करणाऱ्या तिशीतल्या माणसाला पंधरा टक्के सूट देऊन तुम्ही त्या किमतीच्या जवळपासही जात नाही. शिवाय तो किंमत बघतच नाहीये. गाडी स्वतः पार्क होते का, पडद्याला चिनी बोलणं कळतं का, शहरातल्या गर्दीत ती स्वतः चालते का, हे तो बघतोय. त्यासाठीचा नकाशा परदेशी कंपनीला स्वतः बनवायची मुभा नाही, आणि गाडीचा डेटा देशातच ठेवावा लागतो. म्हणजे हे काम तिथे, तिथल्या लोकांबरोबरच करावं लागतं. म्हणून मर्सिडीज आणि बीएमडब्ल्यू मोमेंटा या गाडी स्वतः चालवणारं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या चिनी कंपनीकडे गेल्या, ऑडीने हुआवेला घेतलं, आणि एसएआयसी या शांघायच्या कार कंपनीबरोबर चार कडी काढून नुसती ‘ऑडी’ अक्षरं असलेला वेगळा ब्रँडच काढला.

निर्णय कुठे होतात, असं वर म्हटलं ते याचसाठी. आमच्याकडे एका युरोपीय ग्राहकाच्या गाडीच्या दारात वाऱ्याची शीळ यायची. सीलचा ओठ दीड मिलिमीटर वाढवला की काम होणार होतं, नमुना आम्ही आठवड्यात तयार ठेवला. मंजुरी युरोपातून यायची होती, ती यायला अकरा आठवडे लागले. त्याच सुमारास एका चिनी ग्राहकाला तशीच अडचण आली. त्यांचा दार विभागाचा इंजिनिअर संध्याकाळी सात वाजता आमच्या गेटवर हजर, रात्री साच्यात बदल, दुसऱ्या दिवशी गाडीवर बसवून पाहिलं, सही. दोन्ही कारखाने जिआंग्सूमध्येच होते. पहिल्याचा पत्रा चीनचा होता, निर्णय नव्हते. आज मी ‘तिथे बनवा’ म्हणतो तेव्हा सही करणारा माणूस तिथे बसवा, असं म्हणतो. तो बसत नसेल तर नुसती लाइन टाकून पैसे घालवू नका.

तर पोर्शेने काय करावं? पेट्रोल गाड्यांसाठी नवा कारखाना अजिबात टाकू नये. २०२४ च्या ५७ हजार गाड्या सहा मॉडेलांत विभागल्या तर टूलिंगच्या हिशोबात कुठलंच बसत नाही. ९११ घेणाऱ्याला तर ती श्टुटगार्टमधल्या झुफनहाउझनच्या मूळ कारखान्यातून आलेलीच हवी असते, त्यातच तिची निम्मी किंमत आहे. कमी विकावं, भाव टिकवावा, डीलरांची संख्या आवरती घ्यावी आणि पडद्यामागचं सॉफ्टवेअर शांघायमध्ये करावं. तिथे त्यांचं संशोधन-विकास केंद्र आहेच. विजेवरच्या मोठ्या संख्येच्या गाडीसाठी मात्र मी दार बंद करणार नाही. लेक्ससने फेब्रुवारी २०२५ मध्ये शांघायच्या जिनशान भागात पूर्ण स्वतःच्या मालकीचा कारखाना जाहीर केला. तिथे २०२७ पासून विजेवरच्या गाड्या आणि बॅटऱ्या बनायच्या आहेत. एवढी वर्षं बाहेर राहिलेली कंपनी आता आत जाते, याला माझ्या मते शुल्कापेक्षा बॅटरी आणि व्हेंडर तिथे आहेत हे कारण आहे.

‘चीनमध्ये बनवून जगाला पाठवू’ या युक्तिवादावर मात्र फार भिस्त ठेवू नका. युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२४ मध्ये चीनमध्ये बनलेल्या विजेच्या गाड्यांवर जादा शुल्क लावलं, त्यात बीएमडब्ल्यूच्या मिनीलाही नेहमीच्या १० टक्क्यांवर २०.७ टक्के बसले. स्वतःच्याच घरात गाडी न्यायला दंड.

शेअरचं म्हणाल तर सल्ला देणं माझं काम नाही, पण मी वार्षिक अहवालात काय बघतो ते सांगतो. चेरीबरोबरच्या भागीदारीतून विकलेल्या गाड्यांचा आकडा वेगळा दिलेला असतो. तो १,३०,००० या पहिल्या क्षमतेशी ताडून पाहा. त्याखाली नफ्या-तोट्यातला जेएलआरचा निम्मा वाटा कोणत्या दिशेला जातोय ते बघा. आणि तिसरी गोष्ट, जून २०२४ मध्ये जाहीर झालेला फ्रीलँडरचा करार. २०११ मध्ये पुण्यात जुळवलेली पहिली लँड रोव्हर फ्रीलँडर २ होती. तिचे भाग इंग्लंडहून खोक्यांत येत आणि आपल्याकडची माणसं ते जोडत. चांगशूच्या करारात फ्रीलँडर हे नाव तेवढं इंग्लंडहून गेलंय. विजेवरच्या त्या गाडीचा सांगाडा चेरीचा असणार आहे आणि जेएलआरला नावाच्या परवान्याचे पैसे मिळणार आहेत.